नळी क्रमांक ४१७ नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
सँ-व्हिक्टर जीवाणुशास्त्र संस्था,
पॅरिस

विषय : दूध सांडल्याचा ठपका काढून बदली थांबवणेबाबत.
संदर्भ : आपला दि. ६ फेब्रुवारी १९६१ चा आदेश.

महोदय,

१. मी एकवीस वर्षे संस्थेच्या तळघरात जिवाणूंसाठी पोषक द्रव शिजवते. वरील आदेशान्वये माझी बदली सशांच्या पिंजऱ्यांकडे झाली आहे. कारण असे दिले आहे, की मी सकाळी वाडगाभर दुधाची कॉफी पिते आणि त्यातले दूध डॉ. रुव्हेर यांच्या द्रवात सांडले. सशांबद्दल माझी तक्रार नाही, खोट्या कारणाबद्दल आहे.

२. डॉक्टरांचे जिवाणू दुधातली साखर मिळाली तरच ती पचवणारे विकर (एन्झाइम) तयार करतात, आणि तपासणीत नळी तेव्हाच पिवळी होते. एरवी त्या जनुकांच्या रांगेपुढे, म्हणजे ऑपेरॉनच्या दाराशी, एक रोधक बसून असतो. साखर आली की तो उठतो. नळी क्र. ४१७ मात्र साखरेवाचून पिवळी झाली. डॉक्टरांनी तिच्यातल्या जिवाणूंना निरोगी रोधकाचे जनुक देऊन पाहिले, तरी रंग थांबेना. तेव्हा ते सगळ्यांदेखत मला म्हणाले, "रोधक धडधाकट, तरी कारखाना चालूच! मादाम, साखर तुमच्याच वाडग्यातली. वर्षभराची मेहनत मातीत घातलीत माझी." मला रडू आले, हे नमूद करते.

३. दर गुरुवारी व्याख्यानानंतर फळा मी पुसते. पुसण्याआधी वाचते. डॉक्टरांच्याच अक्षरात होते, की उत्परिवर्तनाने रोधक बिघडला तर निरोगी रोधक दिल्यावर काम थांबते. पण दारच बिघडले, तर चांगल्या रोधकालाही बसायला जागा उरत नाही. मग ४१७ मध्ये दारच का बिघडले नसावे? दुसऱ्या कुणाच्या नळीत हे घडले असते, तर डॉक्टरांनी नवा शोध म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या.

४. मी परवानगीवाचून एक काम केले, त्याची कबुली देते. ४१७ ज्या बाटलीतून भरली, तिच्यात उरलेला द्रव सहा नळ्यांत भरून त्यांत साधे जिवाणू सोडले. एकही पिवळी झाली नाही. दूध असते तर सहाही झाल्या असत्या. उलट शेजारच्या इमारतीत शिजलेल्या द्रवात ४१७ चे जिवाणू वाढवले, तर तोही पिवळा झाला. तिथे मी कधी कॉफी प्यायलेली नाही. माझी सहकारी मार्सेल म्हणते, "अगं, माफी मागून मोकळी हो. ससे निदान उलट तरी बोलत नाहीत." परंतु न केलेल्या चुकीची माफी मला मागवत नाही. हवे तर माझी कॉफी आपल्यासमक्ष, साक्षीदार बसवून, मोजून द्रवात ओतावी आणि काय होते ते पाहावे.

५. डॉक्टरांनी ४१७ उद्या, शनिवारी सकाळी, वाफेच्या पात्रात घालून नष्ट करण्यास सांगितले आहे. ते पात्र चालवण्याचे काम माझेच आहे. एकवीस वर्षांत मी एकही हुकूम मोडला नाही. हा मोडत आहे. या इमारतीत माझ्या बाजूने बोलेल अशी ती नळीच तेवढी उरली आहे. ती गेली, तर मी जन्मभर दूध सांडणारी बाई राहीन. म्हणून विनंती, की आधी नळी तपासावी, मग मला कुठेही पाठवावे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली,
सोलांज केर्गेनू
द्रव विभाग, तळघर
दि. १० फेब्रुवारी १९६१

सोबत :
१) बदलीच्या आदेशाची प्रत
२) सहा नळ्यांची नोंद
३) नळी क्र. ४१७. जिवंत आहे. उभी ठेवावी.