परत सांगितल्याशिवाय लिफ्ट हलवू नये

काय घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. लॉकडाऊन लागला. लिफ्टची देखभाल करणाऱ्या आमच्या कंपनीचे ऑफिस बंद झाले. रुग्णालयाच्या लिफ्ट चालू ठेवण्यासाठी दोघांना फिरण्याचा परवाना मिळाला: मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांना आणि मला.

२. उस्ताद आजारी पडले. ज्या लिफ्टला ते रोज तेल घालत तिच्यातूनच त्यांना वॉर्डात नेले. ते परत आले नाहीत.

३. त्यांनी काहीच लिहून ठेवले नव्हते. त्यांची पिशवी अजून रुग्णालयाच्या मशीन रूममध्ये खिळ्याला टांगलेली आहे. ती कोणी न्यायची यावर त्यांच्या घरात फोनवर भांडण चालू आहे.

४. रुग्णालयातली मोठी लिफ्ट, जिच्यात पलंग मावतो, ती मधेच थांबू लागली आहे. तिचा सुटा भाग जिथे बनतो तो कारखाना बंद आहे. लिफ्ट अडकली की गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन ब्रेक सोडायचा आणि हाताने चाक फिरवून ती मजल्यावर आणायची, एवढाच उपाय आहे. आत रुग्ण असतो, त्याच्या उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, आणि लिफ्ट थांबली तरी सिलिंडर संपत राहतो. म्हणून कोणीतरी तिथेच राहायला हवे. रविवारपासून मी राहणार आहे. चाकाला दुसरा हात म्हणून रुग्णालयाने एक वॉर्डबॉय दिला आहे.

५. घरी आई आहे.

या पाच गोष्टींमुळे हे मृत्युपत्र.

मी, शेवटी सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, शिक्षणाने विद्युत शाखेची पदविकाधारक, व्यवसायाने लिफ्ट टेक्निशियन, हे माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शरीर दमलेले आहे, पण कायदा शरीराची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ सध्या कोणी येतही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे केले तर हे रद्द समजावे, आणि तशी वेळ आली तर मला आनंदच होईल.

कलम १. घर

सहाव्या मजल्यावरचे घर माझ्या नावावर आहे. ते बाबांनी घेतले होते; आई आणि ताई यांच्या संमतीने ते माझ्या नावावर झाले. लॉकडाऊनपासून त्याचे दोन भाग आहेत. बाहेरची खोली माझी, कारण मी रुग्णालयातून येते. स्वयंपाकघर आणि आतली खोली आईची. मधले दार बंद असते. माझ्यानंतर हे संपूर्ण घर माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला मिळावे. कलम ३ मधली अट तिला मान्य असेल तरच.

बाहेरच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. ती वर उचलून ढकलावी लागते. ताईच्या वेळी ती लागत होती.

कलम २. हत्यारे

बाबांची लोखंडी पेटी, तिच्यातले पाने, मीटर, तपासणीचा दिवा, आणि डोक्याला बांधायची बॅटरी, हे सर्व कंपनी माझ्या जागी ज्याला किंवा जिला पाठवेल त्या व्यक्तीला द्यावे. पेटीत एक मोठा पाना वाकलेला आहे. तो दुरुस्त करायला जाऊ नये. बाबांनी तो मुद्दाम वाकवला होता; एका कोपऱ्यातल्या नटापर्यंत दुसरा कोणताही पोहोचत नाही.

पेटीसोबत एक नियमही घ्यावा लागेल. लिफ्टच्या कामात दोघे असतात. एक मशीनपाशी, दुसरा खाली लिफ्टच्या टपावर उभा. त्यांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. टपावरचा ओरडतो, "वर घे." मशीनवरचा तेच शब्द ओरडून परत सांगतो. मगच हात बटणाकडे जातो. परत आवाज आला नाही तर काहीही हलत नाही. गप्प म्हणजे थांब.

मी कामाला लागले त्या दिवशी उस्तादांनी मला टपावर उभे केले. वरून ते काहीतरी बोलले. मी मान हलवली.

"काय झालं गं? ऐकलंस का?"

"हो, ऐकलं."

"ऐकलंस ते तुझ्यापाशी ठेव. मी काय म्हणालो ते सांग. तुझा बाप जेवताना मीठ मागायचा तरी दोनदा बोलणं व्हायचं."

ते खरे होते. बाबा आणि उस्ताद आयुष्यभर एकाच दोराच्या दोन टोकांना काम करत होते, आणि बाबांनी हा नियम घरी आणला होता. "मीठ दे." "मीठ देते." "दार लाव." "दार लावते." पाहुण्यांना वाटायचे की या घरात सगळेच कमी ऐकतात. एक दूरचे काका तर आमच्याकडे आले की मोठ्याने बोलायचे.

आता हा नियम मधल्या दाराला उपयोगी पडतो. आई स्टुलावर ताट ठेवते आणि म्हणते, "ताट ठेवलं." मी म्हणते, "ताट ठेवलं." ती आतल्या खोलीत जाऊन ओरडते, "आत गेले." मी म्हणते, "आत गेले." मग दार उघडते. लॉकडाऊनमध्ये लोकांनी काय काय शोधून काढले. आम्हाला काही शोधावे लागले नाही.

कलम ३. आई

माणूस मालमत्तेत मोडत नाही हे मला माहीत आहे. तरी हे कलम इथेच लिहिते, कारण बाकीची कलमे याच्यावाचून निरर्थक आहेत.

आईचे गुडघे जिना मानत नाहीत. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे (कलम ४). मी नसेन तर आई सहाव्या मजल्यावर एकटी अडकेल, आणि मी आजवर अडकलेल्या पुष्कळ लोकांना बाहेर काढले आहे, म्हणून त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे. पहिली काही मिनिटे माणूस विनोद करतो. नंतर तो दाराशी बोलू लागतो.

अट अशी: माझ्यानंतर ताईने आईजवळ येऊन राहावे, किंवा आईला आपल्याकडे न्यावे. या दोन्हींपैकी काय करायचे ते त्या दोघींनी ठरवावे. माझ्यामार्फत नाही.

बाबा गेल्यावर ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी निघते." आई काही बोलली नाही. ताई जराशी थांबली. मग जिना उतरून गेली. मी तिला सोडायला जाणार होते. माझी चप्पल सापडेपर्यंत ती रस्त्याला लागली होती. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, माझ्याशी बोलतात. "तिला सांग, तिच्या खोलीतले पडदे धुतले." "तिला सांग, पडदे टाकून दे."

ताईचे म्हणणे मला पहिल्यापासून माहीत होते: "तोंडातून एक शब्द काढला नाही तिनं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

आईचे म्हणणे मला गेल्या आठवड्यात कळले. मी जेवत होते, ती दारापलीकडे बसली होती. समोरासमोर असतो तर ती बोलली नसती.

"तू जाशील आता रुग्णालयात राहायला. तीही अशीच गेली."

"तू तिला जाऊ नको म्हणाली नाहीस, आई."

"मी परत म्हटलं का? 'निघते' म्हणाली ती. मी म्हटलं का 'निघते'? नाही ना? मग हलली कशी? तुझ्या बाबांची मुलगी ना ती?"

जेवण निवले.

ताई, तू कधी लिफ्टच्या टपावर उभी राहिली नाहीस. तुला या नियमाचा कंटाळा होता आणि तू घरात सगळ्यात कमी वेळा परत सांगायचीस. आईने तुला त्या दिवशी थांब म्हटले होते. तिला तेवढ्याच भाषेत ते म्हणता आले. तू ऐकले नाहीस यात तुझी चूक काढत नाही. आईला तोंड उघडता आले असते, हेही खरे आहे. मी फक्त काय घडले ते नोंदवत आहे.

ताईला अट मान्य नसेल तर घर आईच्या नावावर व्हावे आणि चावी समोरच्या शिक्षिकांकडे राहावी. त्यांनी रोज दार वाजवायचे कबूल केले आहे. त्या भल्या आहेत, पण त्या शेजारी आहेत.

कलम ४. इमारतीची लिफ्ट आणि सेक्रेटरी

लॉकडाऊन लागताच सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्ट बंद केली. माझे आणि त्यांचे बोलणे जिन्यात झाले.

"मॅडम, तुम्ही रुग्णालयातून येता. लिफ्ट काय, सगळ्यांची आहे."

"मग मी जिन्यानं जाईन. पण आईला खाली न्यायचं असेल तर?"

"आईंना खाली जायचंय कशाला? खाली आहे काय? सगळं बंदच आहे."

"बंद लिफ्ट महिनोन्महिने तशीच ठेवली तर ब्रेक धरतो, मग सुटत नाही. मधून मधून चालवून बघावी लागते."

"ते तुम्ही बघा ना. मशीन गच्चीवरच तर आहे. जिना आहेच."

मी बघते. दर रविवारी, जिन्याने वर जाऊन, ज्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची मला बंदी आहे ती लिफ्ट मी रिकामी वरखाली करते. बटणांना बोट लागू नये म्हणून सेक्रेटरींनी तिच्या दाराशी दात कोरायच्या काड्यांचा डबा टांगला आहे. लिफ्ट बंद आहे. डबा मात्र ते वेळेवर भरतात.

या मशीन रूमची जास्तीची चावी मी शिक्षिकांना दिली आहे. आईला डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर त्यांनी मुख्य स्विच वर करावा, एवढेच. मी त्यांना दाखवले आहे आणि त्यांनी मला परत सांगितले आहे. सेक्रेटरींना माझ्यातर्फे काही नाही. डबा त्यांचाच आहे.

कलम ५. माझा फोटो

कंपनीच्या कॅलेंडरवर माझा फोटो आहे. खाली "आमची कर्तबगार कन्या" असे छापले आहे. मी कोणाची कन्या आहे ते वर लिहिले, कंपनीची नाही. त्या फोटोत माझ्या हातात जो पाना आहे तो लिफ्टच्या कोणत्याही नटाला बसत नाही. तो फोटोग्राफरच्या मोटरसायकलचा होता. मी तसे सांगितले तेव्हा साहेब म्हणाले, "अगं, कोणाला कळतंय?" उस्तादांना कळले. ते वर्षभर मला "काय गं, गाडी सुरू झाली का?" असे विचारत होते. माझ्यानंतर हा फोटो कुठेही लावू नये. शोकसंदेशावर तर मुळीच नाही.

कलम ६. उस्तादांची पिशवी

ती माझी नाही, म्हणून कोणाला देता येत नाही. पण मी त्यांच्या शेजारी काम केले आहे, म्हणून जे पाहिले ते लिहिते: जेवणाचा डबा सोडून त्या पिशवीतले काहीही ते घरी नेत नसत. ती मशीन रूममध्येच राहिली तर ते रागावणार नाहीत.

कलम ७. किरकोळ

शिक्षिकांच्या घरात नेट पोहोचत नाही, म्हणून त्या जिन्यात पायरीवर बसून मोबाइलवर मुलांना शिकवतात. माझे घडीचे स्टूल त्यांना द्यायचे होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वाचनात आले, म्हणून ते आजच देऊन टाकले.

माझ्या मागे कोणी जमू नये. जमायला सध्या परवानगीही नाही.

हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम शिक्षिकांनी स्वीकारले आहे.

हे लिहिताना आईने दारामागून विचारले, "झालं का लिहून तुझं ते?"

"होतंय."

"माझ्यासाठी काय ठेवलंयस?"

"ताईला ठेवलंय."

पलीकडून आवाज आला नाही. नियमाप्रमाणे मी थांबले. पेन खाली ठेवले. आत नळ सुरू झाला, भांडी घासली गेली, नळ बंद झाला. मग आई दाराशी आली.

"ताईला ठेवलंय," ती म्हणाली.

त्यानंतर मी सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी, लिफ्ट टेक्निशियन

साक्षीदार पहिल्या: समोरच्या घरातल्या शिक्षिका
साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे औषधविक्रेते

दोघांनीही माझी सही होताना पाहिली, त्यांच्या सह्या मी पाहिल्या. कागद पायरीवर होता, पेन प्रत्येकाचे स्वतःचे.

स्थळ: आमच्या दाराबाहेरचा जिना
वार: गुरुवार

ही प्रत ताईसाठी, मोबाइलवर फोटो काढून पाठवत आहे. ताई, कलम ३ मधली अट मोठ्याने वाच आणि आईला फोन करून ती परत सांग. मान्य नसेल तर तसे मला कळव. मी राग धरणार नाही. गप्प मात्र राहू नकोस. रविवारी सकाळी मी रुग्णालयाच्या गच्चीवर राहायला जाते. शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे.