थरातला धाकटा शिंपला

खोदकामाची छावणी, रावळपिंडीच्या पलीकडं
माघ, फसली १३५५ (इंग्रजी सन १९४६)

प्रिय रुद्रक्का,

पत्राच्या माथ्यावर तब्येतपाणी विचारायची रीत आहे, ती आज सोडतोय. तुझं पत्र सोमवारी पोचलं. उमरग्याच्या चन्नम्माशी माझं जमवलंत, चैत्रातली तिथी धरलीत, हळद कुठल्या दिवशी तेही ठरवलंत. एवढं वाचून मला राग आला नव्हता. राग आला तो शेवटच्या दोन ओळींचा. तू लिहिलंस, लग्नाची पहिली पत्रिका अव्वाच्या समाधीच्या दगडापुढं ठेवायची, ती तुझ्याच हातानं ठेवायची, म्हणून आठ दिवस आधी ये. अक्का, मी येतो का नाही ते आता तुझ्या उत्तरावर आहे. एकच विचारतो. आपली आई, आपली अव्वा, कोणत्या साली मेली?

चिडून लिहितोय म्हणून अक्षर वाकडं आहे असं समजू नकोस. अक्षर चौथीपासून वाकडंच आहे. चौथीच्या पुढं आप्पांनी जाऊ दिलं असतं तर सरळ झालं असतं.

मी इथं काय करतो हे तुम्ही कुणी कधी विचारलं नाही. आप्पा आपल्या गावी बेंबळीत सांगतात, पोरगा तेलाच्या कंपनीत आहे, आणि लोकांना वाटतं मी घासलेटचे डबे भरतो. मी चिखल धुतो. ही कंपनी तेल शोधायला जमिनीत हजार-दोन हजार हात खोल भोक पाडते. खालून जी माती, जो दगड वर येतो, तो एके काळी समुद्राचा तळ होता. इथं, अक्का, जिथं आज पाण्याला मैलभर जावं लागतं. तो दगड मी कुटतो, धुण्याच्या सोड्यात उकळतो आणि पितळी चाळणीवर धुतो. जाळी इतकी बारीक की आपल्या गिरणीचं पीठ तिच्यातून जायचं नाही. वर उरतं ते वाळवून भिंगाखाली पसरायचं, आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्यातले शिंपले एकेक करून उचलायचे. खसखस त्यांच्यापुढं मोठी. कुणी गोगलगायीसारखा वळलेला, कुणी भुईमुगाच्या शेंगेसारखा. समुद्रात राहणारे जीव होते ते, मेले आणि तळाला बसले.

आमचे वरचे साहेब, दासबाबू, म्हणतात, प्रत्येक काळाचे शिंपले वेगळे. एक जात संपली की ती परत होत नाही, नवी येते. म्हणून मातीत कोण सापडलं त्यावरून ती माती कधी बसली ते कळतं. आणि एका थरात जुना आणि नवा दोन्ही सापडले तर नव्याचं ऐकायचं. जुना शिंपला दुसरीकडच्या जुन्या दगडातून पाण्याबरोबर वाहून येऊ शकतो. पण जो जीव अजून जन्मलाच नव्हता तो आधीच्या चिखलात येणार कुठून? थराचं वय त्याच्यातला सगळ्यात धाकटा सांगतो. मोठ्यांनी काय सांगितलं ते नंतर.

गेल्या महिन्यात एका खोल थरात मला असा एक धाकटा सापडला. कागदावर तो थर फार जुना लिहिलेला होता, आणि लिहिला होता दासबाबूंनीच. मी दाखवला तर ते माझ्यावरच उसळले. म्हणाले, तू चाळणी धुतली नाहीस, वरच्या थरातला अडकून राहिलेला यात पडला, जा आपल्या मुलखात जाऊन जोंधळे चाळ. माझी दख्खनी ऐकून ही पंजाबी मंडळी रोजच हसतात, त्या दिवशी जास्त हसली. पण अक्का, आमच्यात एक रीत आहे. एका मातीचं काम उरकलं की चाळणी धुऊन निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. जाळीत मागचा शिंपला राहिलाच असला तर तो निळा होतो. पुढच्या मातीत निळा दिसला की समजायचं, हा पाहुणा, याला धरायचं नाही. मी म्हटलं, बाबूजी, रंग देख लेव. तो पांढरा होता, भाताच्या कणीसारखा. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग त्याच थराचा नवा तुकडा मागवला, स्वतः फोडला, स्वतः धुतला. तसले आणखी तीन निघाले. तेव्हा त्यांनी आपल्याच हातानं कागदावरची आपलीच ओळ खोडली. मग आपल्यासाठी आलेला चहा माझ्यापुढं सरकवला.

त्या चहानं मला जाळलं. एवढा शिकलेला माणूस माझ्यासारख्याच्या सांगण्यावरून आपली ओळ खोडतो, आणि आमच्या घरात इतकी वर्षं एक ओळ कुणी खोडली नाही.

मग मी माझ्या डोक्यातलं चाळायला घेतलं. अव्वा गोरी होती. अव्वा पटकीनं दोन दिवसांत गेली. फसली १३३६ साल होतं, मी पाळण्यात होतो. तिला आपल्या रीतीनं बसवून पुरलं, वर दगड ठेवला. हे सगळं निळं आहे, अक्का. तुमच्या तोंडून येऊन माझ्यात अडकलेलं. पांढरं एकच आहे. मी कुणाच्या तरी कडेवर आहे. समोर आप्पांचं नवं इंजिन, पिठाच्या गिरणीचं, पहिल्यांदा सुरू व्हायचं आहे. माझ्या कानांवर दोन तळवे आहेत आणि बांगडी गालाला रुततेय. आप्पा नवा रुमाल बांधून नारळ फोडतायत. नारळ काही फुटत नाही, एकदा नाही, दोनदा नाही. आणि मला धरणारी हसते. आवाज मला आठवत नाही, कानावर हात होते. पण तिचं पोट हललं आणि त्याच्याबरोबर मी हललो. मग आप्पांनी वळून पाहिलं, आणि ते पोट हलायचं थांबलं.

हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, अरे ती मी होते, तू लहान होतास, गोंधळ करतोस. अक्का, आप्पांचा नारळ फुटेना म्हणून तू हसलीस? तू? आप्पा ओसरीवर खाकरले तरी तू आजही हातातलं काम टाकून उभी राहतेस.

गिरणीच्या दारावर ती सुरू झाल्याचं साल रंगवलेलं आहे. आप्पांनी शिडीवर चढून स्वतः रंगवलं, दर दिवाळीला पुन्हा गिरवतात. फसली १३३९. सगळं दडपलंत आणि साल तेवढं दारावर चमकत ठेवलंत. छत्तीस साली मेलेली बाई एकोणचाळीस साली हसते कशी, हे त्या घरात एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

बब्रुवान आठवतो का, माझ्या वर्गातला, बेंबळीच्या सुताराचा? तिसरीत तो म्हणाला, तुझी अव्वा मेली न्हाय, उडकीचा पाट लावून दुसऱ्याच्या घरी गेली. मी त्याचा दात पाडला. घरी येऊन तुला विचारलं. तू मला त्या दगडापाशी नेलंस, माझा हात धरून दगडावर ठेवलास आणि म्हणालीस, ही बघ, इथं आहे. दर श्रावणी सोमवारी मी तिथं बेल वाहिला, अक्का. परगावी पळालो ती वर्षं सोडून प्रत्येक वर्षी. बब्रुवानच्या त्या दाताची फट गेल्या खेपेला दिसली मला, हसत होता बिचारा, माझ्याशी.

तिनं दुसरं घर केलं याचा मला राग नाही. आपल्या लोकांत उडकी काय नवी नाही. आप्पांचा हात कसा चालतो ते माझ्या पाठीला माहीत आहे, तिच्या पाठीला जास्त माहीत असेल. आप्पांनी जिवंत बाईवर दगड ठेवला, तोही समजतो मला, त्यांना गावात मान खाली घालायची नव्हती. तू का ठेवलास? तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस, भ्यायलीस असशील. पण आता तिशीची आहेस, दोन लेकरांची आई आहेस, आणि परवाच्या पत्रात पुन्हा तेच लिहितेस. दगडापुढं पत्रिका ठेव म्हणतेस.

आणि आता जे लिहितो त्यासाठी हे पत्र आहे. दर पौषात तू नळदुर्गच्या यात्रेला जायचीस, मला कधी नेलं नाहीस. जायच्या आधी माझ्या अंगाला दोरी लावून गाठी मारायचीस, नजर काढते म्हणायचीस. परत येताना माझ्यासाठी बंडी आणायचीस, हातशिलाईची, बाजारातून घेतली म्हणून. बाजारची बंडी काखेत अशी बसत नाही; त्या गाठी माझं माप होत्या आणि शिवणारी अव्वा होती. मी इथं आल्यापासूनही दर पौषात पार्सलानं एक यायची. गेल्या वर्षीची घट्ट झाली, कारण माप जुनं होतं. या पौषात आली नाही. मी महिनाभर डाकघरात रोज विचारतोय. तुझं पत्र आलं, त्यात बंडीचं अक्षर नाही, दगडाचं आहे. ती आजारी आहे का? चैत्र लांब आहे, मी उद्या रजा मागू शकतो. ती राहते त्या गावाचं नाव लिही, तिच्या घरधन्याचं नाव लिही, मी बेंबळीला न येता आधी तिकडं जाईन. पत्रिका तिच्या हातात ठेवीन, मग हळदीला येईन. आप्पा बोलतील ते माझ्याशी बोलतील, तुला मध्ये घेणार नाही. आणि ती या पौषाच्या आधीच गेली असेल, तर तेही लिही. पण या खेपेला साल खरं लिही.

तुझाच
शांतलिंग