एका चावीच्या दोन गाड्या

११ मे, रविवार
आज दुसऱ्याची गाडी घेऊन घरी आलो. हे आणि मी. दिवसाढवळ्या.
कल्याणला भाच्याच्या मुलाचं लग्न होतं. ह्यांना डायबेटीस. श्रीखंड वाढणारा पोरगा दोनदा आला, दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा हाक मारून बोलावलं. त्यावरून हॉलच्या पायरीवरच आमचं जुंपलं. गाडी मागच्या बाजूला लावलेली. पांढरी. ह्यांनी दार उघडलं, बसलो, निघालो. मी नेहमीप्रमाणे समोर हात जोडले. भांडण चालूच.
पत्रीपुलाच्या पुढे गार वाटायला लागलं. म्हटलं, "अहो, आज एसी बरा चाललाय." हे म्हणाले, "जपानी वस्तू आहे. मनावर घेतलं की चालते."
आमच्या गाडीचा एसी कधीचा मेलाय.
बिल्डिंगच्या गेटात सुनील उभा. "अण्णा, ही गाडी कोणाची?"
"कोणाची म्हणजे? तुझ्या बापाची."
मग नंबर बघितला. नंबर दुसराच. मी चष्मा काढून डोळ्यावर लावला. समोर आमचा गणपती असतो तिथे बुद्धाची लहान मूर्ती. म्हणजे मी निघताना हात जोडले ते त्यांना. असू दे. सुखरूप आणलं त्यांनी.
आमच्या गाडीच्या काचेमागे पुठ्ठ्यावर सुनीलचा फोन लिहिलेला असतो. जिची गाडी आम्ही आणली, त्या बाईंनी तो बघून फोन केलेला. म्हणे, "तुमची गाडी इथेच आहे. माझी कुठाय?"

१२ मे, सोमवार
काल सुनीलच गेला गाडी परत द्यायला. गेटात इंजिन बंदच केलं नव्हतं, तसाच बसून निघाला. आमची घेऊन आला. बाईंचं नाव गायकवाड, राहतात दिव्याला. त्याच हॉलमध्ये वरच्या मजल्यावर त्यांच्याकडचं लग्न. गाडी तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच रंग. पोलिसांत जाणार होत्या, पुठ्ठा दिसला म्हणून थांबल्या. भली बाई.
सुनीलने गाडीची चावी स्वतःच्या ऑफिसच्या बॅगेत टाकली. ह्यांच्यासमोर. ह्यांनी पेपर उलटा धरला असता तर बरं वाटलं असतं, पण सरळच धरून वाचत होते.
स्वयंपाकघरात सुनील आणि सून हळू आवाजात. सून म्हणाली, "माझ्या काकांचं पण असंच सुरू झालेलं. आधी चपला दुसऱ्याच्या घालून यायचे." सुनील म्हणाला, ठाण्याला डोक्याचा डॉक्टर आहे, नंबर लावतो.
मी आत गेले. म्हटलं, "मी पण त्याच गाडीत बसलेले. माझं पण डोकं दाखवा मग."
सुनील म्हणाला, "आई, तू चालवत नव्हतीस."
हे उत्तर झालं का? भांडी घासली.

१४ मे, बुधवार
हे गाडीपाशी खाली उभे. चावी नाही, फडकं आहे. पुसतात.
गाडी घेतली तेव्हा सगळे म्हणालेले दुसरी घ्या, मोठी घ्या. ह्यांनी ऐकलं नाही. ह्यांचं सगळं आयुष्य मिलमध्ये मागावर फिटर म्हणून गेलं. कुठून तरी वाचलेलं की ही जपानची कंपनी आधी माग बनवायची. कापडाचे माग. मालकाने पहिला माग आईसाठी केला म्हणे. मग मोठे माग. मग स्कूटर. मग गाड्या. हे म्हणाले, "मागवाल्याची गाडी आहे, आपल्याला दगा देणार नाही." तेवढ्यावर गाडी घेतली.
ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झाली. गॅसवाल्याला, विमेवाल्याला, सुनेच्या आईवडिलांना तर साखरपुड्यात. गोष्टीत एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. मी चहा ठेवेपर्यंत माग संपतात, चहा आणेपर्यंत स्कूटर.
आज मुद्दाम दूधवाल्याला म्हटलं, विचार आजोबांना गाडीबद्दल. पूर्ण सांगितली. आई, माग, स्कूटर, गाडी. दूधवाला घामाघूम.
मग डोकं गेलं कुठे?

१६ मे, शुक्र.
सुनील ह्यांना घेऊन शीळफाट्याच्या गॅरेजवर जाऊन आला. गाडी सुनीलने चालवली, हे बाजूला. माझ्या जागेवर.
मेकॅनिकने चावी हातात घेतली आणि हसला म्हणे. दाते पार झिजलेले. म्हणाला, जुन्या गाड्यांचं होतं असं, चावी गुळगुळीत झाली की दुसऱ्या गाडीचं दार पण उघडतं.
मी म्हटलं, "झालं तर मग! चावीचा दोष."
सुनील म्हणाला, "चावीचा दोष मान्य. पण नंबरप्लेट, आई? सीटवरचा टॉवेल नव्हता, ते? गणपती नव्हता, ते?"
हे म्हणाले, "गाडीत बसायचं असतं. वाचायचं नसतं."
मला हसू आलं. सुनीलला नाही आलं.
टॉवेल नव्हता हे मला त्या दिवशी कळलेलं. पाठीला प्लास्टिक लागलं. वाटलं सुनेने धुवायला काढला असेल. ती काढते का कधी धुवायला? नाही. तरी असं वाटलं. का वाटलं, देव जाणे.

१८ मे, रविवार
गायकवाडबाई आल्या. मीच बोलावलं. आहेराच्या साडीची माझी पिशवी त्यांच्या गाडीत राहिलेली. पिशवी निमित्त. मला चावी लावून बघायची होती.
बाई पन्नाशीच्या. बॉबकट. गाडी स्वतः चालवत आल्या. म्हणाल्या, "मिस्टर गेल्यावर सगळे म्हणाले विकून टाक, बाईमाणूस काय करणार. मी क्लास लावला. आता दिव्याहून ठाण्याला पार्लरला रोज हीच. पाणी आलं नाही की कॅन पण हिच्यातच आणते. गाडीने कधी रस्त्यात सोडलं नाही. शीळफाट्याचं ट्रॅफिकच सोडत नाही." मग मला म्हणाल्या, "तुम्ही का नाही शिकलात, आजी?"
"कोणाला घेऊन कुठे जायचं होतं?" मी म्हटलं. नंतर वाटलं, खरंच का नाही शिकले.
खाली दोन गाड्या शेजारी शेजारी. चष्मा लावून पण जुळ्या. सुनीलने चावी बॅगेतून काढली. बाईंच्या गाडीचं दार उघडलं. मी सगळ्यांकडे बघितलं. बघा!
मग सुनील आत बसला. चावी फिरेना. पुन्हा केलं. फिरेना. बाईंनी केलं, फिरेना. सुनील बाहेर आला, म्हणाला, "मग त्या दिवशी सुरू कशी झाली?"
बाई म्हणाल्या, त्यांची चावी तर त्यांच्या पर्समध्येच होती. त्या चावीने आमच्या गाडीचं दार उघडून बघितलेलं, उघडलं नाही.
कोणाला काही कळेना. वॉचमन पण येऊन उभा राहिला. त्याला पण नाही कळलं.
हे पुढे आले. "बाजूला सर." आत बसले. चावी घातली, जराशी बाहेर ओढली, अंगठ्याने दाबून फिरवली. गाडी सुरू.
वॉचमनने टाळी वाजवली. गायकवाडबाई पण. मी पण खूश. म्हटलं हात अजून फिटरचा आहे, संपला विषय.
सुनील मात्र खिडकीशी वाकला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, आपल्या गाडीला असं ओढावं लागतं का?"
"छे. आपली लोण्यासारखी फिरते."
"मग त्या दिवशी ओढताना वाटलं नाही, ही आपली नाही?"
ह्यांनी गाडी बंद करून चावी काढली.
मला आता आठवलं. हॉलमागे चावी लावून जरा खुडबूड करत होते. मीच ओरडलेले, चला आता, किती वेळ. म्हणजे हाताला कळलं की कुलूप परकं आहे. हाताने जुळवून घेतलं. डोक्याला सांगितलंच नाही.
का माझ्या ओरडण्याने राहिलं?
वर चहाला ह्यांनी गायकवाडबाईंना मागाची गोष्ट सांगितली. मी कान देऊन ऐकली. बरोबर होती. वाटलं तरी बरोबर.
जाताना बाईंसमोरच सुनील म्हणाला, चावी आईकडे राहील. अण्णांनी एकट्याने नाही जायचं. आईला वाटलं तर द्यायची, नाही वाटलं तर नाही.
मला चौथीपर्यंत शाळा. मला जज केलं.

१९ मे, सोम.
चावी मोहरीच्या डब्यात ठेवली. फोडणीच्या वेळी हाताला लागली. आता पोळपाटामागे.
हे मागत नाहीत. मागितली असती तर भांडले असते. सकाळी बूट घालून बसतात. दहा वाजले की काढतात.

२१ मे, बुधवार
ठाण्याचा डॉक्टर. तरुण आहे, ह्यांच्याशी मोठ्याने बोलत होता, जसे काही हे बहिरे. आज वार कोणता, महिना कोणता. घड्याळ काढून दाखवा. ह्यांनी घड्याळ काढलं, वर विचारलं, "काटे किती वाजताचे काढू?" तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ह्यांना तिन्ही आठवले. मला दोन. माझी कोणी परीक्षा घेत नव्हतं म्हणून बरं.
डॉक्टरने मला विचारलं, घरी काही बदल जाणवतो का.
म्हटलं, "आधी पण ऐकायचे नाहीत, आता पण ऐकत नाहीत."
हसला. चारपाच महिन्यांनी परत आणा म्हणाला. गाडी चालवू दे का विचारलं तर म्हणाला, काळजी घ्या. हो म्हणाला का नाही म्हणाला? सुनील म्हणतो नाही. हे म्हणतात हो. तिघे एकाच खोलीत बसलेलो.

२५ मे, रवि.
चावी दिली.
सून माहेरी, सुनील तिला सोडायला गेलेला. माझी बहीण शीळफाट्याच्या अलीकडे राहते, तिच्याकडे कोकणातून आंबे आलेले. रिक्षाने गेले असते. हे बूट घालून बसलेले. पोळपाटामागून काढून हातात दिली. काही न बोलता घेतली.
खाली गेल्यावर मी चष्मा लावून नंबर मोठ्याने वाचला. गणपती बघितला. टॉवेल बघितला. हे हसले, "झडती झाली का?"
छान चालवली. सिग्नलला थांबले. एका बाइकवाल्याला शिवी घातली ती पण जागच्या जागी. आंबे घेतले. परत येताना फाट्यावर गाड्याच गाड्या. बसलो. एसी नाही, घामाने साडी चिकटलेली. हे स्टेअरिंगवर हात टाकून म्हणाले, "मागवाला डोकेबाज माणूस. पहिला माग केला तो बायकोसाठी."
मी वळून बघितलं. "कोणासाठी?"
"बायकोसाठी. तुला कितीदा सांगितलंय."
आईसाठी. आईसाठीच होतं. दूधवाल्याला आई सांगितली. मी इथे पण आई लिहिलंय, १४ तारखेला.
पण मी लिहिलं म्हणजे ह्यांनी तसंच सांगितलं का? का मी माझ्या सवयीने लिहिलं? इतकी वर्षं मी ती गोष्ट ऐकतच नव्हते. चहा ठेवत होते.
पुढची गाडी हलली. हे निघाले. घरी आलो, गेटातून रिव्हर्स एका दमात लावली. आमच्याच जागेवर.
सुनीलला सांगितलं नाही.

२८ मे
गायकवाडबाईंना फोन केला. त्या दिवशी ह्यांनी मागाची गोष्ट सांगितली ती आठवते का. माग कोणासाठी केला म्हणाले?
बाई म्हणाल्या, "आईसाठी ना? का बायकोसाठी? थांबा हं आजी... माझं लक्ष आंब्याच्या वडीवर होतं."
मग त्यांनीच विचारलं, का हो, काय झालं? म्हटलं काही नाही, वडी कशी झालेली ते विचारायचं होतं.
सुनीलची मुलगी घरीच आहे, तिच्या फोनमध्ये बघून कळेल. ती लगेच काढून देईल, खरं काय ते. पण खरं आई निघालं तर? आणि बायको निघालं तर मग इतकी वर्षं चुकीचं सांगत होते, का मी चुकीचं ऐकत होते?
नातीला काही विचारलं नाही. ती म्हणाली, आजी काय गं, तोंड का असं. म्हटलं, गरम होतंय.

३० मे, शुक्र.
सुनीलचा ऑफिसातून फोन. "आई, अण्णा ठीक ना? गाडी नेलेली का?"
म्हटलं, आंबे आणले. आंबे बरे निघाले.
तेवढंच विचारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुला काही वेगळं वाटलं का? तू सांगशील ना मला?"
सांगेन म्हटलं. वाटलं की सांगेन. वाटलं का नाही तेच ठरत नाही.
संध्याकाळी भाजी निवडताना ह्यांना सहज विचारलं, "तो मागवाला. त्याची आई होती का हो?"
"आई सगळ्यांनाच असते," हे म्हणाले. आणि मेथी माझ्या हातातून घेऊन निवडायला लागले. काड्या टोपल्यात, पाला ताटात. बरोबर.

१ जून, रविवार
सकाळपासून खाली आहेत. गाडीवरचं कव्हर काढलं, काचा पुसल्या. वरून मी बघतेय. चावी माझ्याकडे, पोळपाटामागे नाही, कमरेला खोचलीय.
आज सुनील घरी आहे, झोपलाय. चावी दिली तर त्याला कळेल. नाही दिली तर ह्यांना कळेल.
दोन पांढऱ्या गाड्या आहेत खाली. दुसरी तळमजल्यावरच्यांच्या पाहुण्यांची असावी. कंपनी कुठली ते वरून दिसत नाही. हे आमचीच पुसतायत. असं दिसतंय.
मघाशी वर बघून ओरडले, "अगं ए! चष्मा घेऊन खाली ये. नंबर वाच!"
थट्टा करतात का खरंच विचारतात? आवाजावरून काही कळत नाही. तोंड बघायला पाहिजे, जवळून.
चष्मा सापडला. चालले.