अपोलो रजेवर असताना लावलेला कौल

अल कुसैस, दुबई
८ डिसेंबर

ती. माईवन्संना अनुराधाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, कारण डाव्या गुडघ्याने ग्रीसमध्ये राजीनामा दिला आहे.) तुमचा रक्तदाब आणि तुमची मांजर, दोघंही ताब्यात असतील अशी आशा करते. आम्ही परवा सुखरूप परतलो. तुमच्या बंधुराजांना थोडी सर्दी आहे, पण ती ते इतक्या कौतुकाने सांभाळताहेत की औषध द्यायला मन होत नाही.

मार्चमध्ये हे निवृत्त होणार. पुढे कुडाळला येऊन तुमच्या शेजारच्या रिकाम्या खोल्यांत राहायचं की इथेच, यावर वर्षभर आमच्या घरात जे चाललंय त्यातलं अर्धं तुम्हाला फोनवर कळतं, उरलेलं खालच्या मजल्यावरच्यांना. यांचं म्हणणं, गावी आपली माणसं आहेत. माझं म्हणणं, आपली माणसं दुरूनच आपली राहतात (तुम्ही सोडून), आणि इथे लिफ्ट आहे, दातांचा डॉक्टर रस्ता ओलांडला की आहे, शिवाय फार्मसीवाला डोकेदुखीच्या गोळीची एक पट्टीही घरी आणून देतो. शेवटी ईशानीच वैतागली. "मम्मा, पापा, प्लीज! गो समव्हेअर अँड सॉर्ट इट आउट!" म्हणून लेकीच्या आज्ञेने आम्ही भांडण मिटवायला ग्रीसला गेलो. इथल्या नॅशनल डेच्या सुट्टीत फ्रेडी नावाचा वसईचा गृहस्थ 'प्राचीन ग्रीस आणि बेटं' अशी सहल नेतो. डिसेंबरात ती एवढी स्वस्त का, हे बंदरावर कळलं. वाऱ्यामुळे सगळ्या बोटी दावणीला बांधलेल्या. फ्रेडी रोज म्हणायचा, "मॅडम, उद्या बेट, इन्शाल्ला." दुबईत ज्याने एकदा तरी प्लंबरची वाट पाहिली आहे त्याला हा शब्द ऐकून काय समजायचं ते समजतं.

त्यामुळे आम्ही पडकी देवळं पाहत सुटलो. एका खांबाचे चार तुकडे पाहिले की ग्रीस निम्मं झालं, पण तुमच्या बंधुराजांचं समाधान होईना. देऊळ म्हटल्यावर यांनी अॅक्रोपोलिसच्या गारठ्यात बूट काढून हातात घेतले. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. आमची गाइड एलेनी म्हणाली, इथे लोक खांबावर चढतात, कोपऱ्यात सिगरेट ओढतात, पण अनवाणी चालणारा मी पहिल्यांदाच पाहिला. (सर्दीचा उगम तो.)

खरी गंमत डेल्फीत झाली. तिथे म्हणे पूर्वी राजेरजवाडे अपोलो देवाला प्रश्न विचारायला येत, लढाई करू का, लग्न करू का. हे ऐकून तुमचे बंधुराज थबकले. "म्हणजे कौलच की गो!" त्यात वाटेवर एक गोल उभा पाषाण. एलेनी म्हणते, ही पृथ्वीची नाभी. हे म्हणतात, हा आपल्या गावच्या रवळनाथाचा सख्खा भाऊ. झालं! रस्त्याकडेच्या रानफुलाच्या दोन गुलाबी पाकळ्या खुडल्या, बाटलीतल्या पाण्याने दगडाला एक इकडे, एक तिकडे चिकटवल्या, आणि बूट पुन्हा काढून अस्सल गाऱ्हाणं सुरू: "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां दुबयसून तुझ्या पायाकडे इली हत. मार्चात रिटायर होतंय. गावाक जावचा आसात तर उजवी पाकळी सोड, दुबयत रव्हाचा आसात तर डावी!" मागून सहलीतले आठ-दहा मराठी आवाज एकदम, "व्हय म्हाराजा!" फ्रेडीने आधी क्रूसाची खूण केली, मग तोही ओरडला. इथला पहारेकरी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा.

वारा आला. एक पाकळी पडली. हे म्हणाले उजवी, मी म्हटलं डावी, आणि दोघंही खरं बोलत होतो. आमची डावी ती देवाची उजवी! आपल्या रवळनाथाला चांदीचे डोळे तरी आहेत, त्याचं तोंड कुठे ते दिसतं. या दगडाला पुढचं-मागचं काहीच नाही. वाद एलेनीकडे गेला. तिने शांतपणे सांगितलं की अपोलो इथे नाहीच. हिवाळ्याचे तीन महिने तो दूर उत्तरेकडे जातो, अशी जुनी समजूत आहे.

"अॅन्युअल लीव्ह?" फ्रेडी.

तुमच्या बंधुराजांचं सगळं आयुष्य अल बर्शाच्या ऑफिसात लोकांच्या रजा मंजूर करण्यात गेलेलं. त्यांनी रीतसर विचारलं, "मग चार्ज कोणाकडे?"

"डायोनिससकडे. द्राक्षाच्या दारूचा देव."

फ्रेडीच्या चेहऱ्यावर त्या सहलीत पहिल्यांदाच भक्तिभाव दिसला. हे मात्र "खलास" म्हणून बूट घालू लागले.

शेवटच्या दिवशी वारा पडला आणि हायड्रा नावाचं एक तरी बेट पदरात पडलं. तिथे मोटारी नाहीत, गाढवं आहेत. (दुबईहून गेल्यावर हा बदल फार जाणवला नाही, फक्त इथली हॉर्न वाजवतात.) मी धक्क्यावर कॉफी घेऊन बसले. किंमत आधी दिरहॅममध्ये आणि मग रुपयांत केल्यावर तळाचा गाळही सोडला नाही. समोर एक म्हातारा कोळी मासे मांडून बसलेला. हे गेले, बांगड्यासारखा एक मासा उचलला, कल्ला उघडून लाली पाहिली आणि नाक मुरडलं. म्हातारा खवळला. यांनी हातवारे केले, त्याने केले, ना यांना त्याची भाषा ना त्याला यांची, आणि थोड्या वेळाने दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. इथे आम्ही मासा प्लॅस्टिकच्या डबीत विकत घेतो, त्याला कल्ला होता का हेही कळत नाही. हा माणूस असा तोंडभर हसतो, हे मी विसरले होते, वन्सं. येताना हातांना मच्छीचा वास आणि चेहरा पहिल्या पगाराचा.

असो. कौल रद्द झाला, प्रश्न होता तिथेच आहे, आणि मी माझ्या मतावर ठाम आहे. बाकी खुशाल.

तुमची, न बधणारी,
अनुराधा

ता. क. तुमच्या शेजारच्या त्या खोल्यांतल्या स्वयंपाकघराच्या दाराची रुंदी मोजून कळवाल का? आमचा फ्रीज दोन दारांचा आहे. सहज विचारते. कुडाळला दातांचा डॉक्टर कोण चांगला, तेही सहजच.

ता. क. यातलं यांना काही बोलू नका. माझं मन वळवायचं म्हणून हे रोज सकाळी चहा करून देताहेत. फेब्रुवारीपर्यंत वळवू द्या.

ता. क. मुख्य राहिलंच. हे तुम्हाला फोन करून रवळनाथाला कौल लावायला सांगतील. गुरव गावाला गेलाय, काहीही सांगा, पण लावू देऊ नका. आपला देव रजेवर जात नाही, जागेवरच असतो. त्याने डावी, दुबईची पाकळी सोडली तर मी काय करायचं?