उखाणा घ्या, मगच बोला

सुदामा नगर, इंदूर

ती. स्व. सौ. यामिनीअक्कास,

धाकट्या दिवाकरचा साष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (म्हणजे बँकेचं खातं गोठलं आहे आणि घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही, पण तब्येती उत्तम). तिकडे पुण्यात तुझी शुगर आणि दत्तोपंतांची नवी कवळी कशी आहे ते कळव. कवळी बोलताना निसटत असेल तर त्यांनी तूर्त कोणाला फोन करू नये. हल्ली आवाज जरा बदलला की माणूस संशयित ठरतो.

मी फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. हे पत्र खरोखर माझंच आहे याची आधी खूण देतो: लहानपणी मोरावळ्याच्या बरणीत माझा हात अडकला होता आणि तू तो सोडवायच्या आधी पाहुण्यांना बोलावून दाखवला होतास. पटली? तर ऐक.

मल्हारगंजात माझा मित्र श्रीहरी याचं भांड्यांचं दुकान आहे. त्याला एके दुपारी पुतण्याचा, धनेशचा, रडत रडत फोन आला: "काका, बेटम्यापाशी अॅक्सिडेंट हो गया, पुलिसने पकडून ठेवलंय, पटकन पैसे टाका." श्रीहरीने घाबरून टाकले. टाकून झाल्यावर माळ्यावरून धनेश खाली उतरला. तो सकाळपासून तिथे परातींवरची धूळ पुसत होता. आता यंत्रं निघाली आहेत म्हणे, आपली दोन-चार वाक्यं ऐकून हुबेहूब आपल्या आवाजात बोलणारी. मी त्याच संध्याकाळी घरात सभा घेतली. हृषीकेश म्हणाला, "बाबा, सिंपल आहे, एक पासवर्ड ठेवू." आम्ही पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा, 'जिरावण' हा शब्द ठरवला, अगदी गुप्त. दुसऱ्या दिवशी पोळ्या करणाऱ्या अमिताबाई फाटकातूनच ओरडल्या, "जिरावण, भाभी, दरवाजा खोलो."

तेव्हा मंजिरीने युक्ती सुचवली. (तुझ्या भावजयीचं डोकं एरवी मटारच्या भावात असतं, पण त्या दिवशी चाललं.) फोन करणाऱ्याने दर वेळी नवा उखाणा घ्यायचा, आणि त्यात त्या दिवशी काय खाल्लं ते आलंच पाहिजे. मला हे फार आवडलं. चोर आवाज चोरेल, जन्मतारीख चोरेल, आधारचा नंबर चोरेल, पण सकाळचा नाश्ता यमकात बसवणं त्याच्या बापाला जमायचं नाही. लग्न न झालेल्यांनी मनात येईल त्याचं नाव घ्यावं, असं मंजिरीचं म्हणणं होतं. मी दुरुस्ती सुचवून तिथे गणपती घातला आणि ठराव पास केला. आपल्या पोरीला, ईशालाही, पुण्याला तसं कळवलं. पहिल्याच दिवशी मंजिरी भाजी घेऊन आली, तिने खालून फोन केला आणि भर रस्त्यात उखाणा घेतला:

पोह्यांवर शेव, शेवेवर लिंबाची धार,
दिवाकररावांचं नाव घेते, उघडा आता दार.

समोरच्या गॅलरीतून टाळ्या पडल्या. मी मात्र दार उघडण्यापूर्वी नाश्त्याला खरंच पोहे होते ना, हे हृषीकेशला विचारून घेतलं.

मग बँकेतून एका बाईंचा फोन आला, केवायसीसाठी. मी म्हटलं, उखाणा. त्या जबलपूरच्या. मी त्यांना उखाण्याची सगळी रीत शुद्ध हिंदीत समजावून दिली. त्या लाजून म्हणाल्या, "सर, हमारे यहाँ पति का नाम नहीं लेते." मी म्हटलं, मग आमच्या इथे केवायसी होत नाही, आणि फोन ठेवला. त्या खऱ्याच बँकेच्या होत्या, हे खातं गोठल्यावर कळलं. असो. नियम म्हणजे नियम.

पुढचं मात्र मन घट्ट करून वाच. एक दिवस 'मुंबई पोलीस' म्हणून एका माणसाने फोन केला. माझ्या नावाच्या पार्सलमध्ये काहीबाही सापडलंय, मी घरातच अटकेत आहे, वगैरे. मी शांतपणे म्हटलं, उखाणा. तो गोंधळला, फोन ठेवला. मी जिंकलो असं समजून चहा मागवला, तर चहा यायच्या आत त्याचा फोन परत. कोणाला तरी विचारून आला असावा, कारण पठ्ठ्याने खणखणीत सुरुवात केली:

नाश्त्याला खाल्ला श्रीखंडाचा गोळा,
सुनीताचं नाव घेतो, खातं तुमचं खोला.

ळ आणि ल यांचं यमक होत नाही, 'खोला' तर सरळ हिंदी, असं मी म्हणत होतो. पण मंजिरी भारावली होती. म्हणाली, इंदूर आहे, चालतं, आणि पुरुष असून बायकोचं नाव किती कौतुकाने घेतो बघा. तिने स्पीकर लावून त्याला दुसऱ्या ओळीची चाल सुधारून दिली. तोही "हाँ आंटी, हाँ आंटी" करत दोनदा म्हणून दाखवत होता. नियमाप्रमाणे तो पास झाला होता, त्यामुळे मलाही काही बोलता येईना. मोबाइलवर आलेला ओटीपी आम्ही वाचून दाखवणार, तर मंजिरीचा चष्मा सापडेना आणि माझा लेन्सवाल्याकडे. तेवढ्यात हृषीकेश ऑफिसातून आला आणि त्याने फोन हिसकावला. तेव्हापासून घरात माझ्या नियमांना फारशी किंमत उरली नाही, पण मी मागे हटलो नाही. उलट जास्तच कडक झालो.

आणि अशातच ईशाचा फोन आला. म्हणजे ईशाच्या आवाजाचा. मी म्हटलं, उखाणा. पलीकडून आला:

ऑफिसच्या डब्यात होती मेथीची भाजी,
अभिरामचं नाव घेते, बाबा, व्हा ना राजी.

अक्का, आपल्या सात पिढ्यांत कोणी अभिराम नाही. शिवाय ठरावात स्पष्ट गणपती आहे. आणि राजी कशाला व्हायचं? ओटीपी द्यायला, दुसरं काय? मी ताबडतोब फोन कापला, तो नंबर ब्लॉक केला आणि सायबर हेल्पलाइनला कळवलं. तिथला माणूस विचारतो, "क्या नुकसान हुआ?" म्हटलं, अजून काही नाही. "माँगा क्या?" म्हटलं, राजी व्हायला सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, एक बार बिटिया से बात कर लो."

हल्लीची यंत्रं किती पुढे गेली आहेत बघ. आवाज तर तिचा होताच, पण घाबरली की ती मधेच थांबून आवंढा गिळते ना, तोसुद्धा तसाच गिळला. मी चुकलो असेन असं मला वाटत नाही. खऱ्या ईशाने नंतर फोन करून खुलासा करायला हवा होता, तो तिने अजून केलेला नाही. नंबर ब्लॉक आहे असं हृषीकेश म्हणतो. पण जगात दुसरे फोन नाहीत का? असो. मला त्याचं काही नाही.

दत्तोपंतांना नमस्कार. सगळ्यांनी जपून राहावं.

तुझा,
दिवाकर

ता.क. सोबत शेवेचं पाकीट पाठवलं आहे, ते ईशाचं. तिच्याकडे जाणं झालं तर देऊन ये, आणि बोलता बोलता तिथे कोणी अभिराम आहे का, असलाच तर कसा आहे, काय करतो, तिखट खातो का, एवढं बघ. हेल्पलाइनच्या नोंदीसाठी हवं आहे, बाकी काही नाही. तक्रार मी मागे घेतली असं तिला सांग. जेवते का नीट, तेही बघ.

आणखी ता.क. अक्का, मी मंजिरी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून या दोन ओळी. अभिराम खरा आहे, चांगला आहे, मला दिवाळीपासून माहीत आहे. पोरीला बापाशी विषय काढायचं धाडस होत नव्हतं. 'आज सांगते, उद्या सांगते' चाललं होतं. नाव तोंडातून निघावं एवढ्यासाठी मी ही उखाण्याची युक्ती काढली होती; चोरांचं मला काय करायचंय? आता ती रुसून बसली आहे. मी सांगितलं की म्हणते, तू बाबांचीच बाजू घेतेस. तुमचं ऐकेल. तिला सांगा, कोणाच्याही फोनवरून कर, पण कर. कारण पत्रात काहीही लिहिलं असलं, तरी हे हल्ली अनोळखी नंबर आला की पहिल्या घंटीला धावतात. समोरून कोणी कर्ज नाहीतर विमा विकत असला, तरी तो बोलायचा थांबेपर्यंत फोन ठेवत नाहीत. उखाणासुद्धा विचारत नाहीत.