लोकल की लाइन, ते ताईने कळवावे

सदाशिव पेठ, पुणे
फाल्गुन वद्य नवमी

ती. सौ. मंदाताईस,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे सध्या सगळे नमस्कार लेखीच चालू आहेत, तरी तो साष्टांग धरावा.) तुझ्या गुडघ्यांना उतार पडला असेल अशी आशा आहे. श्यामराव निवृत्त होऊन दिवसभर घरी असताना उतार पडणं अवघड आहे, हे मी समजू शकतो, पण ते सकाळी कृष्णेवर फिरायला जातात तेवढा वेळ तरी गुडघे दुखत नसावेत. इकडे आईची प्रकृती उत्तम आहे. शेजारच्या इमारतीतल्या कोणालाही विचार, ते तिच्या आवाजावरून सांगतील. तुझी भावजय कुसुमही मजेत आहे, आणि ही मजाच या पत्राचं कारण आहे.

मला तुझा सल्ला हवा आहे. (घाबरू नकोस, फक्त सल्लाच हवा आहे.) आईने तुला माझी बढती झाल्याचं कळवलं असेल. तसं काही झालेलं नाही. आमची जुनी कंपनी बंद पडली आणि मी नवी गाडी शोधतो आहे, एवढंच. बी.कॉम. होऊन मी ट्रकवर बसलो त्याला वीसेक वर्षं झाली. या सगळ्या काळात आईने मला ड्रायव्हर असं एकदाही म्हटलेलं नाही. सुरुवातीला मी 'फिरतीवर' होतो, मग 'वाहतूक क्षेत्रात' गेलो, आणि हल्ली भजनी मंडळात मी 'दक्षिणेकडचं काम बघतो'. ते अगदीच खोटं नाही म्हणा. हुबळीला निघालं की समोरच्या काचेतून दक्षिणच दिसते.

तर पुण्याबाहेर मांजरी गावात सर्जेराव म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांचा ऊस होता, आता तिथे इमारती उभ्या आहेत. जमीन विकल्यावर त्यांच्या भावांनी जीपा घेतल्या, यांनी दोन ट्रक घेतले. ("भावांच्या गाड्या लग्नाला जात्यात, माझ्या कामाला," असं ते चारचौघांत, शक्यतो भावांसमोर सांगतात.) एक गाडी लोकलची. मांजरीच्या गोदामातून फरशा, बेसिनं, कमोड वगैरे माल भरायचा, शहरात पोचवायचा, संध्याकाळी घरी. दुसरी लाइनची. पाइप भरून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, आणि घराचं दर्शन तीन-चार दिवसांनी. यातली एक मला आणि दुसरी संपत नावाच्या ड्रायव्हरला मिळणार. संपतला दोन्ही सारख्याच, कारण त्याला कुठल्याही गाडीत झोप छान लागते. (गाडी उभी असताना, असं तो म्हणतो.) सर्जेरावांकडे रीत अशी, की पाडव्याला गाड्यांना हार घालायचे आणि किल्ली नि नारळ ज्याच्या हातात पडेल त्याची ती गाडी वर्षभर. "पंत, दोनी गाड्या चालवून बघा. पण नारळ घेतला की घेतला. बायको आन् गाडी वर्साच्या मधी बदलायची न्हाय." वर्ष संपल्यावर काय काय बदलता येतं, ते मी विचारलं नाही. त्यांच्या सौभाग्यवती पलीकडेच ज्वारी पाखडत होत्या आणि त्यांच्या हातात सूप होतं.

ताई, मला लोकल हवी आहे. हे मी तुला म्हणून सांगतो. ढाब्यावर खाऊन खाऊन माझी जीभ मेली आहे. मला दिवेलागणीला घरी यायचं आहे, गरम आमटी-भात जेवायचा आहे आणि स्वतःच्या पलंगावर आडवं व्हायचं आहे. लग्नात मिळालेल्या त्या पलंगावर माझ्यापेक्षा जास्त रात्री श्यामराव झोपले असतील, तुझ्या माहेरपणाला येऊन. (त्यांना हे दाखवू नकोस. किंवा दाखव.)

म्हणून आधी लोकल चालवून पाहिली. पेठेत मोठ्या गाडीला सकाळ-संध्याकाळ बंदी असते, शिरायचं तर दुपारी. आणि दुपारी पेठ झोपलेली असते. म्हणजे ज्या वेळी आत शिरायला परवानगी, नेमकी त्याच वेळी दार उघडायला मनाई. त्यात माझं नशीब असं, की पहिलाच माल निघाला आपल्या घरासमोरच्या नव्या इमारतीचा. तिथला वॉचमन फाटकाला कुलूप घालून जेवायला गेलेला. हमालांना पुढची गाडी उतरवायची घाई. त्यांनी काय करावं? सगळे कमोड उतरवून रस्त्याच्या कडेला ओळीने मांडले, आपल्या गॅलरीकडे तोंड करून, जसं काही एखादं व्याख्यान सुरू व्हायचं आहे आणि श्रोते वेळेवर येऊन बसले आहेत. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, आणि आई गॅलरीत आली. एकटी असती तरी हरकत नव्हती. त्या दुपारी भजनी मंडळाची बैठक आपल्याकडे होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. मागे मंडळाच्या पाचसहा माना. आई अत्यंत आदराने म्हणाली, "अहो ड्रायव्हर, गाडी जरा पुढे घेता का? इथे सभ्य लोक राहतात."

मी म्हणालो, "घेतो काकू."

"चेहरा ओळखीचा वाटतो नाही, आनंदीबाई?" असं मागून कोणीतरी म्हणालं. त्यावर आपली आई, जिने मला नऊ महिने पोटात आणि पुढची वीस वर्षं झाकून ठेवलं, ती म्हणाली, "सगळे ड्रायव्हर सारखेच दिसतात हो." थोड्या वेळाने कुसुम खाली चहा घेऊन आली, तोही कान तुटलेल्या कपातून (तो कप गवंडी, सुतार आणि मतं मागायला येणारे यांच्यासाठी राखीव आहे), आणि हळूच म्हणाली, "ड्रायव्हरसाहेब, येताना कोथिंबीर." वर मंडळाने आनंदीबाईंची सून किती माणुसकीची आहे यावर चर्चा केल्याचं नंतर कळलं. संध्याकाळी आई मला म्हणाली, "गोपू, तुझी ती लांबची गाडीच बरी रे. हुबळीला तू काय उतरवतोस ते इथून दिसत नाही."

बरं, लोकलचा माणूस घरी असतो, आणि घरी असलेला माणूस सगळ्यांचा असतो. गोडबोल्यांचं कपाट हलवा, गॅसची टाकी वर चढवा, कोणाच्या भाचीची गादी हॉस्टेलवर पोचवा. 'तुमच्याकडे काय, ट्रक आहेच' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की मला वाटायला लागलं ट्रक मी रात्री उशाला घेऊन झोपतो. आणि घरात पाहावं तर इतक्या वर्षांत कुसुमने घर असं बेतशीर बसवलं आहे, की त्यात मला ठेवायला जागाच उरलेली नाही. माझ्या खुंटीला पिशव्या, माझ्या खुर्चीत शिवणाचं मशिन, आणि मी ज्या वेळी आमटी-भाताच्या आशेने येतो त्या वेळी ती पर्वती चढायला जाते. वाढून ठेवलेलं असतं. गार असतं. आमटीच्या बाबतीत मी ढाब्यावरच होतो, फक्त इथे वाढपी हाक मारल्यावर येत नाही.

मग लाइनची फेरी आली. निघायच्या आदल्या दिवशी कुसुम म्हणाली, "तिकडे तुम्ही खाता तरी काय, ते एकदा बघते," आणि डबा, थर्मास, हातआरसा, धुतलेला टॉवेल असा संसार घेऊन केबिनमध्ये येऊन बसली. मला वाटलं, कात्रजला कंटाळेल, शिरवळला उतरून एस.टी. पकडेल. ताई, बाई खंबाटकीच्या घाटात फुलली! एका बसवाल्याने वळणावर आम्हाला ओलांडायचा प्रयत्न केला. असल्या वेळी आम्ही ड्रायव्हर लोक परस्परांच्या घराण्याविषयी दोन शब्द बोलतो. मी तोंड उघडायच्या आत कुसुमने खिडकीतून मान काढली आणि स्वच्छ, शांत, पेठी आवाजात विचारलं, "अहो, एवढी घाई होती तर काल निघायचं होतंत!" त्या माणसाने आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या असतील, पण हे काय आहे तेच त्याला कळेना. त्याने गाडी मागे घेतली. पुढे ढाब्यावर ही सरळ भटारखान्यात शिरली.

"हे वरण कधीचं?"

"आजचंच हाय की ताई."

"आजचं म्हणजे कुठल्या महिन्यातलं?"

तिथून आम्ही ताजं वरण जेवून निघालो. तो ढाबा मी वर्षानुवर्षं ओळखतो. तिथे ताजं वरण असतं हे मला प्रथमच कळलं. आणि पुढच्या नाक्यावर जो कारकून आम्हाला आमची समज वाढून हात खिशात जाईपर्यंत ताटकळत ठेवतो, त्याच्या टेबलासमोर बसून हिने त्याचं आडनाव विचारलं, मग गाव, मग आजोळ, मग 'तुमच्या त्या आत्याबाई मिरजेत दिल्या होत्या का हो?' तिसऱ्या पिढीपर्यंत पोचायच्या आत त्याने घाईघाईने शिक्का मारून कागद हातात दिला. गाडी इतक्या लवकर हुबळीला पोचली, की सर्जेरावांना वाटलं मी माल वाटेतच विकला. खरी हकीकत कळल्यावर म्हणाले, "पंत, आता वैनीला घेऊनच जात जा. तुमी नाय गेला तरी चालंल."

परत येताना कऱ्हाडच्या पुलावर संध्याकाळ झाली. केसात धूळ, नाक उन्हाने लाल, मांडीवर अर्धा सोललेला ऊस, अशी कुसुम खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "हे सगळं इतकी वर्षं तुम्ही एकटेच बघत होतात?" मी म्हणालो, मी रस्ता बघत होतो. तिला ते पटलं नाही. मलाही फारसं नाही. पण कंबर तेव्हाही दुखत होती, हे मुद्दाम नोंदवतो.

तर आता परिस्थिती अशी. आईला लाइन हवी, अब्रूसाठी. कुसुमला लाइन हवी, हवेसाठी. सर्जेरावांना लाइन हवी, नाक्यासाठी. साध्या भाजीवरही ज्या घरात दोन बायकांचं एकमत होत नाही, तिथे मला घराबाहेर ठेवण्यावर झालं आहे. आणि घरी राहायचं आहे ते फक्त मला. शिवाय कुसुम माझ्याबरोबर निघाली तर आईजवळ कोण, याचा विचार मी सोडून कोणी करत नाही. तू मोठी आहेस, निःपक्षपाती आहेस. तुला काय वाटतं ते मोकळेपणाने कळव. मी त्याप्रमाणेच वागेन.

इकडची सर्व मंडळी आपापल्या मतांवर ठाम असून सुखरूप आहेत. श्यामरावांना नमस्कार, गुडघ्यांना आराम.

तुझा धाकटा,
गोपू

ता. क. : तुला विचार करायचा त्रास नको म्हणून सोबत तुझं मत लिहून पाठवत आहे. ते तुझ्या अक्षरात उतरवून आईच्या नावाने टाक. लांब राहणाऱ्या मुलीचं मत आई देववाणी समजते. त्यात तू बराच विचार करून लोकलच योग्य असं ठरवलं आहेस. मधे दोन ठिकाणी माझ्या स्वभावाचं कौतुक केलं आहेस, ते कृपया गाळू नकोस.

ता. क. दुसरा : पाकिटाला तिकीट लावताना कुसुमने तुझं मत वाचलं. तिने माझ्या शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या आणि त्याच ओघात निष्कर्षही. आता तुला लाइन योग्य वाटते. कौतुक तिने खोडलं. कागद जोडलेला आहे, पण उतरवू नकोस.

ता. क. तिसरा : कागद फाडून टाक. पत्र टाकायचं राहिलं आणि पाडवा उजाडला. मी गुढी उभारून, पुरणाचा वास मागे ठेवून लोकलचा नारळ घ्यायला मांजरीला गेलो. सर्जेराव म्हणाले, "लोकल तर संपतला दिली. तुमचा नारळ मगाशीच वैनी घेऊन गेल्या की! किल्लीबी." घरी आलो तर नारळ फुटलेला, खोबरं पंचखाद्यात, आणि दारात स्टोव्ह, गोड्या मसाल्याचा डबा, गोधडीची दुमडून शिवलेली पाठीमागे घ्यायची उशी. गाडी उभी राहील तिथे आमटी गरम मिळेल, असं मला सांगण्यात आलं. मी ती उशी कमरेमागे घेऊन पाहिली. नेमकी बसली.

आईचा प्रश्न कुसुमने परस्पर सोडवला आहे. आई तुझ्याकडे येते आहे. नाराज नाही, उलट ट्रंक भरून बसली आहे. "सांगलीत मला कोण विचारतंय, मुलगा काय करतो म्हणून!" भजनी मंडळात तिने सांगितलं, की मुलगा स्वतःची गाडी काढून पोचवायला येतो आहे. तेव्हा सोमवारी दुपारच्या आत आम्ही येऊ. गल्लीत ट्रक शिरत नसेल तर कोपऱ्यावर उतरवू. सोबत ट्रंक, देवांचा डबा आणि लोणच्याच्या दोन बरण्या. माल नाजूक आहे आणि हलवताना आवाज करतो. गणपतीपर्यंत परत घेतला जाणार नाही. श्यामरावांना फिरायला जाऊ देऊ नकोस, पावतीवर सही त्यांची लागेल.