माझ्या वाटणीचे चार गाळे

११ फेब्रुवारी २००८, सोमवार

गेले. जेवले. हसलेसुद्धा! — आणि घरी येऊन दार लावून बसले आहे.

बाणूअक्कानं आज मंगल कार्यालयाचं उद्घाटन केलं. पाटीवर सासऱ्यांचं नाव — काशाप्पा मंगल कार्यालय. वर कानडीत, खाली मराठीत. सासरे काय तिच्या एकटीचे होते? ती थोरली सून, मी धाकटी, एवढाच फरक. घोंगड्यांचे गठ्ठे मीही डोक्यावर वाहिलेत.

पाचशे माणूस बसेल असा हॉल. जनरेटर. नवरीला वेगळी खोली, तिच्यात भिंतीएवढा आरसा. आणि हे सगळं कुठे? तर त्यांच्या वाटणीच्या माळरानावर! जिथे कुसळांखेरीज काही उगवत नव्हतं. पण नवा स्टँड तिकडे गेला, मोठा रस्ता तिकडून गेला आणि सगळं गाव त्याच्यामागे पळालं. पेठेत राहिलो आम्ही. वाटणीत आलेले चार गाळे. एक उघडा — आमचे हे तिथे सोलापुरी चादरी घेऊन बसतात. बाकीचे तीन बंद. शटर ओढायला दोन माणसं लागतात, इतका गंज.

सगळ्यांसमोर अक्कानं मला जवळ ओढलं. म्हणाली, "ही माझी तुळजा. हिच्याबिगर माझं पान हालत न्हाई." बायका कौतुकानं बघत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड! वाईट वागली असती तर किती बरं झालं असतं. चार लोकांत नावं तरी ठेवता आली असती.

१२ फेब्रुवारी

कालची शेंगाची पोळी चांगली होती. लिहायचं नव्हतं, पण होती.

१७ फेब्रुवारी, रविवार

मारुतीच्या देवळात पेठेतल्या दुकानदारांची बैठक होती. रिकाम्या गाळ्यांचं करायचं काय? एकतीस दुकानं, त्यातली चौदा बंद. कुणी पुण्याला गेलं, कुणी हैदराबादला. मी ह्यांच्याबरोबर गेले, कारण हे चारचौघांत तोंड उघडत नाहीत.

विरुपाक्ष सोनार म्हणाला, तुरीची गोदामं करा. अंकुशराव किराणावाले म्हणाले, "मग उंदीर तुझ्या घरी झोपतेत का?" मागून कुणीतरी कोंबडीच्या दुकानाचं काढलं — देवळात बसून! त्याला गप्प केलं. एक म्हणाला इंग्रजीची शिकवणी काढू. "शिकवणार कोण? तू?" सगळे हसले. तासभर असंच.

मग अक्का उठली. तिला अंकुशरावांनी बोलावलं होतं. पदर सारखा करून म्हणाली, "माझ्या हॉलात लग्नं लागायलीत, पण वऱ्हाड उतरायचं कुठं? नवरदेवाची माणसं जीपमदी कपडे बदलायलेत. तुमचे गाळे धुवून घ्या, सतरंज्या टाका, पाणी भरून ठेवा. जानवसा पेठेत. वरात इथून निघंल. माणूस उतरलं की त्याला चहा लागतो, हार लागतो, इसरलेला आहेर लागतो. पेठ आपोआप उघडंल."

मग टाळ्या. हेही टाळ्या वाजवायला लागले! मी चिमटा काढला तेव्हा थांबले.

कल्पना चांगली आहे. इथे लिहिते, बाहेर मेले तरी म्हणणार नाही. मलाच का सुचली नाही? रोज त्या शटरांसमोरून मी जाते. ती महिन्यातून एकदा येते.

१८ फेब्रुवारी

सकाळीच अक्का दारात. "तुझे तीन गाळे सलग हायत, शेजारी नळ हाय. नवरदेवाचा उतारा तुझ्याकडंच ठेवू. मानाचा."

"न्हाई जमायचं अक्का. दुरुस्ती काढलीय."

कसली दुरुस्ती! तिनं गंजलेल्या शटराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "बरं." चहा घेऊन गेली. कप स्वतः विसळून ठेवला. तेही टोचलं.

ह्यांनी सगळं ऐकलं. दुपारी निम्मी भाकरी ठेवून उठले.

२५ फेब्रुवारी

आज हे बोलले. आठवडाभर तोंड बंद होतं, ते उघडलं आणि हे निघालं — "हैदराबादला वॉचमनची जागा हाय. विरुपाक्षचा मेव्हणा बघायलाय. पाडवा झाला की जाऊ. खोली देतेत."

मी म्हटलं, "आणि गाळे?"

"गाळे कुठं पळून जायलेत?"

वीस वर्षं गादीवर बसलेला माणूस. लोक 'हणमंतप्पा शेठ' म्हणतात, गमतीनं का होईना. तो आता परक्याच्या फाटकापाशी स्टूल टाकून बसणार, मोटारी आल्या की उठणार. आणि का? तर मी एक 'हो' म्हणत नाही म्हणून. कळतंय मला. पण म्हणू कशी? तिच्या हॉलचं वऱ्हाड माझ्या गाळ्यात उतरणार, म्हणजे तिनं दिलं म्हणून आम्ही जेवणार. त्यापेक्षा स्टूल बरं — असं वाटतं. आणि मग ह्यांचे गुडघे आठवतात.

९ मार्च

पेठेत पहिला जानवसा. उदगीरचं वऱ्हाड.

काय ती गर्दी! दोन्ही बाजूंनी लाइटच्या माळा. शहाबादी फरशा घासून पांढऱ्याफेक केलेल्या. अंकुशरावांच्या पडून असलेल्या गाळ्यात नवरदेवाला हळद लावत होते. हा मान माझ्या गाळ्याचा होता, आणि तो अंकुशरावांना मिळाला याचाही मला राग आला. नाही म्हणणारी मीच, रुसणारीही मीच!

सगळ्या उजेडात मधे आमची तीन शटरं काळी. वऱ्हाडातली एक म्हातारी आमच्या पायरीवर टेकली. मी पाणी दिलं. तिनं मागं वळून बघितलं आणि हळूच विचारलं, "बाई, एवढंच कामून बंद? घरात कुणी गेलंय का?"

"न्हाई," म्हटलं. "हायत सगळी."

१० मार्च

विरुपाक्ष म्हणतो, काल जेवायलासुद्धा दुकान बंद करता आलं नाही. मुद्दाम येऊन सांगून गेला मेला!

१६ मार्च

आज लिहूनच टाकते. हे कोहिनूर गावी पाहुण्यांकडे गेलेत, घरात कुणी नाही.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासरे गेल्यावर वाटणी ठरली. एका बाजूला पेठेतले चार गाळे, एका बाजूला माळाचं रान. तेव्हा सोमवारच्या बाजाराला पेठेत पाय ठेवायला जागा नसायची. रान कोण मागणार? दोघे भाऊ भले. भांडण नको म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. घरात लिहिता येणारी मी एकटी, सातवी झालेली. चिठ्ठ्या मीच लिहिल्या. उचलायला अक्काची जगदेवी, चार वर्षांची.

'गाळे' लिहिलेल्या चिठ्ठीला मी हळदीचं बोट लावलं. जगदेवीला न्हाणीपाशी नेऊन सांगितलं, पिवळी उचल आणि काकाला दे, खडीसाखर देईन. तिनं उचलली. दिली. पंचांनी वाचली. राघोबा भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, हसत हसत रान घेतलं. मला तेव्हा वाटलं होतं, आयुष्याची ददात मिटली.

म्हणजे अक्काचं नशीब माझ्याच हातानं मी तिच्या ओटीत घातलं! हळद लावली नसती तर निदान नशिबाला शिव्या देता आल्या असत्या. ह्यांना यातलं काही माहीत नाही. हे अजून म्हणतात, "चिठ्ठीचं नशीब, कुणाला दोष देणार?" तेव्हा मी भांडी घासायला उठते.

२३ मार्च

भाऊजी आणि अक्का दोघं आले. मला वाटलं, परत गाळ्यांचंच. नाही.

भाऊजी म्हणाले, "हणमा, तू हैदराबादला जायलास म्हणे. कामून? पोरीनं दुसरी चिठ्ठी उचलली असती तर आज हॉल तुझा असता आणि मी निघालो असतो. आता चिठ्ठी राहू दे बाजूला. रान आणि गाळे परत एक करू. हॉल दोघांचा, जानवसा दोघांचा. कागद करून टाकू."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भावाचा हात धरून बसले, लहान मूल धरतं तसा. अक्का खाली मान घालून बसली होती. मी आत जाऊन शिरा करायला घेतला आणि रवा करपवला.

२४ मार्च

हे सकाळपासून गुणगुणतायत. शटराला तेल घातलं. एकट्यानं वर ओढलं!

आणि मी? चोरी करून जे रान टाकलं, त्यातलं निम्मं आता दान म्हणून घ्यायचं? गप्प राहिले तर सगळं मिळतं. हैदराबाद टळतं, ह्यांचं स्टूल टळतं. पण मग जन्मभर ती देणारी आणि मी घेणारी. आणि सांगितलं तर? कागद राहिला बाजूला, भाऊजी दारात उभं करणार नाहीत. हे माझ्याशी बोलायचेच नाहीत.

कागद करायच्या आधी सांगायचं. नंतर सांगण्यात अर्थ नाही.

२५ मार्च

सांगून आले.

अक्का जोंधळा निवडत होती. हळद, खडीसाखर, सगळं एका दमात बोलले. तिचा हात सुपात थांबला.

"ठाऊक हाय मला," म्हणाली. "जगदेवीनं त्याच दिशी सांगितलं."

"मग तुम्ही गप कामून बसलात?"

"मला रानच पाहिजे होतं गं. पेठेत जीव गुदमरायचा माझा. म्हटलं, बोलले तर चिठ्ठ्या परत टाकतील. गप बसले. मग रस्ता आला, स्टँड आला. पंधरा वर्षं मला वाटायलंय, मीच तुला फसवलं." आणि रडायलाच लागली. मीही.

तिन्ही गाळ्यांच्या किल्ल्या तिच्या सुपात ठेवल्या आणि निघाले. नवरदेवाचा उतारा आमच्याकडे. अंकुशरावांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

वाटेत मनात आलं ते लिहू नये, पण लिहिते. आयुष्यात एक पाप असं होतं की जे फक्त माझं होतं. त्यातही ती निम्मी निघाली!